पहिली फेरी पाहुण्यांविनाच

नागपूर : मनीषनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या वसाहतीतील एखाद्या बंगल्यापुढे ट्रेलरवर चढविलेली लहान मोटरबोट उभी दिसली, तर तिला अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. नागपूरच्या आसपास पाणी पुष्कळ आहे. शहरात अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा, रामटेकजवळ खिंडसी, पारशिवनी तालुक्यात पेंच नदीवरील नवेगाव खैरी, अमरावती मार्गाच्या बाजूला वेणा आणि वैनगंगेवर गोसेखुर्दचा दूरवर पसरलेला जलफुगवटा. भरती-ओहोटी नाही, खवळलेल्या लाटा नाहीत. नेमका हाच शांतपणा नव्या मालकाला फसवितो.

९ जुलै २०१७ रोजी, रविवारच्या सायंकाळी, वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या नागपूरच्या तरुणांची नाव उलटली आणि आठ जणांचा बळी गेला. छायाचित्रे काढण्यासाठी काही जण उभे राहिले, नाव एका बाजूला कलली आणि लाइफ जॅकेट कुणाच्याही अंगावर नव्हते, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, श्रीक्षेत्र झुंज येथे वर्धा नदीत नाव बुडून परस्परांचे आप्त असलेल्या ११ जणांना जलसमाधी मिळाली. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट सायंकाळच्या वादळी वाऱ्यात सापडली. तीत सहा जण दगावले आणि एक जण पोहून काठाला लागला. यांपैकी एकही बोट हौशी मालकाची नव्हती. तथापि पाणी, वारा आणि वजन यांचे नियम मालक पाहून बदलत नाहीत.

म्हणूनच पहिल्या फेरीबाबतचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय पाण्यावर नव्हे, घरीच घ्यावयाचा असतो. नवी बोट आली की आप्तेष्टांना फिरवून आणण्याचा मोह स्वाभाविक आहे. पूजा, नारळ, पेढे हे सारे अवश्य व्हावे. परंतु पहिली फेरी ही सहल नसून सराव आहे, आणि सरावाला प्रेक्षक नसलेले बरे. मालक, बोट चालविण्याचा अनुभव असलेली एक व्यक्ती आणि फार तर एक मदतनीस, एवढेच पुरेत. मुलाबाळांची पाळी तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीला यावी.

कागदपत्रांचा विषय थोडक्यात. १९१७ चा अंतर्देशीय जहाजांविषयीचा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला व तो ७ जून २०२२ पासून अमलात आहे. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या नौकांची नोंदणी, तपासणी आणि विमा यांची तरतूद त्यात आहे. बोटीच्या आकारमानानुसार व वापरानुसार बारकावे बदलतात, म्हणून खरेदीपूर्वीच महाराष्ट्र सागरी मंडळाकडे विचारणा करणे इष्ट. नोंदणी झाली म्हणजे कोणत्याही तलावात बोट सोडण्याचा परवाना मिळाला, असा मात्र अनेकांचा गैरसमज असतो. जलाशय ज्याच्या ताब्यात, त्याची लेखी परवानगी स्वतंत्रपणे लागते. धरण असेल तर जलसंपदा विभागाची, शहरातील तलाव असेल तर संबंधित स्थानिक संस्थेची. पेंचचा तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येत असल्याने हौशी बोटीसाठी त्याचा विचारही करू नये.

अंगणातच होणारी अर्धी परीक्षा

बोटीच्या मागे अडकविलेले आउटबोर्ड इंजिन थंड राहते ते बाहेरचे पाणी आत खेचून. हे पाणी खेचणाऱ्या पंपात रबरी पात्यांचे एक चाक असते. इंजिन कोरडे चालविले तर ते पाहता पाहता घासून निकामी होते. त्यामुळे अंगणात इंजिन सुरू करून पाहावयाचे असल्यास पाणी ओढण्याच्या जाळीवर रबरी कप बसवून त्याला बागेची नळी जोडावी आणि मगच किल्ली फिरवावी. इंजिन चालू असताना त्याच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडावयास हवी. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी होय. जलाशयावरही दर थोड्या वेळाने मागे वळून ती पाहावी. ती थांबली असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. बहुधा जाळीत शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते.

विदर्भाचा उन्हाळा रबराचा शत्रू आहे. उन्हात उभ्या असलेल्या बोटीच्या पेट्रोलच्या नळ्यांना चिरा पडतात, लाइफ जॅकेटचे कापड विटून कमकुवत होते. नळी दुमडून पाहावी, जॅकेटचे पट्टे जोर लावून ओढून पाहावेत. पेट्रोलची सुटी टाकी बोटीतून उतरवून, जमिनीवर ठेवूनच भरावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व ती बोटीच्या तळाशी साचते. तिला एक ठिणगी पुरते. टाकी काठोकाठही भरू नये, कारण उन्हाने पेट्रोल फुगते.

ट्रेलर मागे घेण्याचा सराव हाही घराजवळच उरकावा. एकेकाळी मनीषनगरच्या रेल्वेफाटकावर ताटकळून ज्यांनी धीर कमावला, त्यांना येथे त्याचा उपयोग होईल. ट्रेलर डावीकडे न्यावयाचा तर सुकाणूचक्र उजवीकडे फिरवावे लागते, आणि हे डोक्याला कळले तरी हाताला कळण्यास वेळ लागतो. एखाद्या मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी तासभर घालविला, तर काठावरची फजिती टळते.

काळी माती आणि विसरलेले बूच

समुद्रकिनारी बोट उतरविण्यासाठी काँक्रीटचे उतार असतात. आपल्याकडील बहुतेक जलाशयांवर ती सोय नाही. हिवाळ्यापासून पाणी ओसरू लागले की काठाला उघडी पडते ती काळी कपाशीची माती. वरून ती वाळलेली दिसते, पण खाली चिखल असतो. ट्रेलरसह मोटार तीत शिरली की बाहेर काढण्यास ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. आदल्या दिवशी जाऊन मुरमाड किंवा खडकाळ काठ शोधून ठेवावा, तेथे पायी उतरून पाहावे.

बोट उतरविण्यापूर्वी आठवावयाची वस्तू म्हणजे तळाचे बूच. आत साचलेले पाणी काढण्यासाठी बोटीच्या मागच्या बाजूस खाली एक भोक असते. त्याचे बूच लावण्याचे विसरून बोट पाण्यात ढकलणे, ही जगभरच्या नव्या मालकांची लाडकी चूक आहे. बोट लगेच बुडत नाही आणि तेच घातक ठरते. काठापासून दूर गेल्यावर पायाखाली पाणी जाणवू लागते.

काठ सोडताना एका ओळखीच्या माणसाला किती जण निघालो, कोणत्या दिशेला जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे सांगून ठेवावे. मोबाइल जलरोधक पिशवीत गळ्यात असावा, परंतु धरणक्षेत्रात तो लागेलच याची हमी नसते. म्हणून प्रत्येक जॅकेटला शिटी हवी. बोटीत दोन वल्ही, नांगर, पुरेसा दोर, पाणी उपसण्यासाठी बादली, अग्निशामक आणि विजेरी एवढा ऐवज असावा. इंधनाचा हिशेब जुन्या नाविकांचा आहे. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेले अनपेक्षितासाठी.

वजन, वारा आणि जॅकेट

बोटीवर किती माणसे बसवावीत, हे आसने मोजून ठरवू नये. निर्मात्याची क्षमतेची पट्टी बोटीवर असेल, तर तीवरील आकडा अंतिम मानावा. पट्टी नसेल तर अमेरिकी तटरक्षक दलाचा एक ठोकताळा उपयोगी पडतो. २० फुटांहून लहान, एकसंध तळाच्या बोटीची लांबी व रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करावा आणि त्याला १५ ने भागावे. १५ फूट लांब आणि ६ फूट रुंद बोटीसाठी उत्तर येते सहा. हे सहा जण स्वच्छ हवेतले. वारा असेल किंवा सामान जास्त असेल, तर चार.

या आकड्यामागचे कारण समजून घेतले, तर वेणा येथे काय घडले तेही उमगते. पाण्याची पातळी आणि बोटीचा काठ यांतील उंची म्हणजे बोटीची सुरक्षिततेची ठेव. प्रत्येक माणूस ती थोडी खर्च करतो. माणसे बसलेली असतात तेव्हा वजन खाली असते व बोट कलली तरी सावरते. तीच माणसे उभी राहिली की वजनाचा मध्य वर सरकतो. दोघे-तिघे एका बाजूला गेले की त्या बाजूचा काठ पाण्याला टेकतो, पाणी आत येते, ते पाणीही त्याच बाजूला धावते आणि बोट उलटते. हा सारा प्रकार काही सेकंदांत घडतो. सावरण्यासाठी सगळे जण घाईने दुसऱ्या बाजूला झेपावले, तर स्थिती आणखीच बिघडते. बोट पाण्यात असताना उभे राहून छायाचित्र काढावयाचे नाही, हा नियम निघण्यापूर्वीच सांगावा आणि तो मालकाने स्वतःलाही लावावा.

लाइफ जॅकेटबाबत आपल्याकडे एक विचित्र संकोच आढळतो. ते बोटीत असते, आसनाखाली असते, क्वचित उशी म्हणूनही वापरले जाते, पण अंगावर नसते. पाण्यात पडल्यावर ते चढविणे पोहणाऱ्यालाही अवघड जाते. अमेरिकेतील हौशी नौकानयनाच्या २०२२ मधील अपघातांत, मृत्यूचे कारण ज्ञात असलेल्यांपैकी ७५ टक्के जण बुडून मेले, आणि जॅकेटची माहिती उपलब्ध असलेल्या या बुडितांपैकी ८५ टक्के जणांनी ते घातलेले नव्हते. खरेदी करताना तरंगण्यास केवळ मदत करणारे ५० न्यूटनचे जॅकेट आणि १०० न्यूटनचे खरे लाइफ जॅकेट यांतील फरक पाहावा. पहिले पोहता येणाऱ्यांसाठी असते, तर दुसरे माणसाचे तोंड पाण्याच्या वर राहावे अशा रचनेचे असते. मुलांचे जॅकेट वयावर नव्हे, वजनावर निवडावे. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटते.

वाऱ्यासाठी वेळ सकाळचीच धरावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ भरून येते आणि वादळ अर्ध्या तासात येऊन ठेपते. उजनीची बोट सायंकाळीच उलटली होती. प्रादेशिक हवामान केंद्र नागपुरातच, मनीषनगरपासून हाकेच्या अंतरावरील विमानतळ परिसरात आहे. त्याचा त्या दिवसाचा अंदाज पाहिल्याशिवाय ट्रेलर जोडू नये. ढगांचा गडगडाट कानावर आला की काठ गाठावा, मग पेट्रोल कितीही शिल्लक असो.

पाण्यावरचा पहिला तास

बोटीला ब्रेक नसतो, हे मोटार चालविणाऱ्याच्या प्रथम ध्यानात येत नाही. इंजिन बंद केले तरी ती सरकत राहते. वळताना मोटारीचे पुढचे टोक वळते, बोटीचे मागचे टोक बाहेर फेकले जाते. त्यामुळे पहिला तास मोकळ्या पाण्यात, मंद गतीत, थांबणे, मागे येणे आणि तरंगत्या डब्याजवळ हळुवार पोहोचणे एवढ्यावरच खर्च करावा. इंजिन बंद पाडणाऱ्या कळीचा दोर चालविणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकविलेला असावा. तो पाण्यात पडला तर दोर ओढला जाऊन इंजिन थांबते. अन्यथा रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. समोरून दुसरी बोट आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावे. रस्त्यावरील सवय येथे नेमकी उलट ठरते. उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीला वाट द्यावी.

नव्या इंजिनाची गती अजमावण्याची उत्सुकता असेल, तर आसपास कोणी नसावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. तेथे प्रशिक्षित नाविक होते.

आपल्या जलाशयांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे पाण्याखालचे जग. धरणात बुडालेल्या झाडांचे खुंट, विहिरींचे कठडे, जुन्या बांधांचे दगड उन्हाळ्यात पृष्ठभागाच्या जवळ येतात. मासेमारांची जाळी तर वर्षभर असतात. पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या, तर तो कचरा नसून जाळ्याच्या खुणा आहेत, असे समजून वळसा घ्यावा. इंजिनाच्या पंख्याने कापलेले जाळे म्हणजे कुणाची तरी बुडालेली मिळकत असते. डोंग्यात उभा राहून जाळे ओढणाऱ्याजवळून वेगाने गेल्यास लाटेने त्याचा तोल जातो. हे सौजन्य निव्वळ परोपकाराचे नाही. आणीबाणीत ११२ क्रमांक लावावाच, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही नागपुरात आहे. परंतु पथक पोहोचेपर्यंत हाताशी असतो तो हा डोंगेवालाच. पहिल्या दिवशी त्याच्याशी चार शब्द बोलून खोल पाणी कोठे आणि खडक कोठे हे विचारून घ्यावे. धरणाची भिंत, दरवाजे आणि कालव्याचे मुख यांपासून मात्र दूरच राहावे.

कोणी पाण्यात पडलेच, तर एकाने त्याच्यावरची नजर हलवू नये, दुसऱ्याने दोर तयार ठेवावा आणि बोट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने हळूहळू त्याच्याजवळ न्यावी. तो हाताच्या अंतरावर येताच इंजिन पूर्ण बंद करावे, कारण पंखा फिरता असेल तर मदतच जीवावर बेतते. त्याला मागच्या बाजूने किंवा शिडीने वर घ्यावे. बोट उलटली तर तिला धरून राहावे. उलटी बोटही बहुधा तरंगते आणि दुरून दिसते. काठ जवळ वाटतो म्हणून पोहत निघालेले मध्येच थकतात.

परत आल्यावर ट्रेलरवर बोट चढविताच तळाचे बूच काढून साचलेले पाणी वाहू द्यावे. हे बूच खिशात किंवा डिकीत न टाकता इंजिनाच्या किल्लीच्या जुडग्यातच अडकवावे. पुढच्या वेळी किल्ली हातात घेताना ते आपोआप हातात येते.