ॲस्टोरियात उतरलात, आता जेवायचं कुठे?

पाच जणांचा ग्रुप. एकाला पहिली नोकरी लागलेली, त्यामुळे पार्टी त्याच्याकडून. दोघांना मासे हवेत, एक जण पक्की शाकाहारी आणि खायचंय मात्र ग्रीकच. अशा वेळी तुम्ही काय कराल? मोबाइल काढाल, स्टार बघाल आणि सगळ्यात जास्त स्टार असलेल्या हॉटेलात शिराल. न्यूयॉर्कच्या ॲस्टोरियात आम्हीही हेच केलं. मासे झकास होते, पण आमची मैत्रीण सॅलड आणि पाव खाऊन उठली. अख्खा मासा वजनावर लावतात, हे बिल आल्यावर कळलं. पार्टी देणाऱ्याचा चेहरा अजून आठवतो!

चूक हॉटेलची नव्हती. मालवणी खानावळीत जाऊन थालीपीठ मागावं, तसं आमचं झालं होतं.

ॲस्टोरिया म्हणजे क्वीन्समधली ग्रीकांची जुनी वस्ती. १९६५मध्ये अमेरिकेचा इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि इथे ग्रीक कुटुंबं मोठ्या संख्येने आली. आता शेजारी इजिप्शियन आहेत, बांगलादेशी आहेत, तरी ग्रीक हॉटेलं टिकून आहेत. मॅनहॅटनहून ‘एन’ किंवा ‘डब्ल्यू’ ट्रेन पकडायची. ती नदीखालून जाते आणि मग खांबांवरच्या रुळांवर चढते. ब्रॉडवे ते शेवटचं डिटमार्स, यातल्या कुठल्याही स्टेशनला उतरा, चार पावलांवर एक तरी ग्रीक पाटी दिसेलच.

ती पाटी नीट वाचा. ‘प्सिस्तारिया’ असेल तर निखाऱ्यावर भाजलेलं मटण, चिकन. ‘एस्तियातोरियो’ म्हणजे साधारण आपली खानावळ. सकाळी शिजवून ठेवलेल्या भाज्या, मुसाका, पास्तित्सियो असं घरगुती जेवण. ‘ताव्हेर्ना’त थोडं थोडं सगळंच मिळतं. अमेरिकेत हे काटेकोर पाळतात असं नाही, पण अंदाज येतो. डिटमार्सवरचं ताव्हेर्ना किक्लाडेस ओळखलं जातं ते माशांसाठी, तिथल्या रांगेची तयारी ठेवा. ब्रॉडवेवरच्या बाहारी एस्तियातोरियोचं नाव शिजवलेल्या पदार्थांसाठी घेतात. (बाहारी म्हणजे मसाला. आपल्या कानाला किती ओळखीचं वाटतं ना?)

आता शाकाहारी मंडळी, तुमच्यासाठी एक शब्द : ‘लादेरा’. टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइलमध्ये मुरवत शिजवलेल्या भाज्या. त्यात चक्क भेंडी असते, फरसबी असते. या भाज्या कोमटच वाढतात, तेव्हा गार आली म्हणून परत पाठवू नका. ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरणच, वरून कांदा आणि तेल. ‘यिगांतेस’ हे मोठ्ठे पांढरे घेवडे.

पण एक गंमत आहे. मेन्यूत ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपवासाचं, असं दिसलं की खुश होऊ नका. ग्रीक ऑर्थोडॉक्स उपवासाला मटण, अंडी, दूध बंद असतं. कोळंबी आणि ऑक्टोपस मात्र चालतात! दिसायला दह्याच्या चटणीसारखी गुलाबी ‘तारामोसालाता’ ही माशाच्या अंड्यांची असते. द्राक्षाच्या पानांच्या ‘दोल्माद्या’त नुसता भात आहे की खिमाही, हे विचारूनच घ्या. आणि पारंपरिक फेटा चीजला प्राण्यांचं रेनेट वापरतात, हे ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं.

मासा घेणार असाल, तर तो समोर ठेवायला सांगा आणि शिजवण्याआधी एकूण किती होतील ते विचारा. यात लाजायचं काहीच नाही. मेन्यूतला आकडाही शेवटचा नसतो. न्यूयॉर्कचा ८.८७५ टक्के टॅक्स आणि २० टक्के टिप धरली, तर १०० डॉलरचं जेवण १२९ला पडतं.

खिसा हलका असेल, तर रस्त्यावरचं पितामध्ये गुंडाळलेलं सुव्लाकी घ्या. नाहीतर ३१व्या स्ट्रीटवरच्या टायटन फूड्समधून फेटा, ऑलिव्ह, पाव घेऊन नदीकाठी ॲस्टोरिया पार्क गाठा. आमची दुसरी पार्टी तिथेच झाली, हेल गेट पुलाखाली. देणारा तोच होता आणि या वेळी त्याने दोनदा ‘अजून काय घेऊ?’ विचारलं.