दोन बटणांचा दाम

‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’मधल्या बुचर या बॉसचा समाचार घेण्याचं काम पुन्हा पुढे ढकलतोय. गेल्या आठवड्यात शब्द दिला होता, मान्य. पण मध्येच एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न मला त्या बॉसपेक्षा दांडगा वाटला. ते विचारतात, ‘मुस्तफा चारी बाजूंनी घेरला गेला की आपण मारायचं आणि उडीचं बटण एकदम दाबतो. तो गर्रकन फिरतो, सगळे आडवे होतात. पण त्यात आपलीच लाइफ का कमी होते? मारायचं आपण आणि भुर्दंडही आपणच भरायचा?’

‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ खेळलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. आमच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये यावर दोन मतं होती. एक, बटण खराब आहे. दोन, मालकाने आतून काहीतरी करून ठेवलंय. मोठी पोरं लहानांना दटावायची, ‘दोन्ही बटणं दाबू नकोस, लाइफ जाते.’ का जाते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. खरं तर मालक बिचारा निर्दोष होता. ही वसुली ‘कॅपकॉम’ कंपनीने १९८९ मध्येच ‘फायनल फाइट’ या आपल्या गेममध्ये ठरवून टाकली होती आणि १९९३ चा आपला मुस्तफा ती वारशाने भरत होता.

मुळात अडचण काय होती ते बघू. ‘आयरेम’च्या १९८४ च्या ‘कुंग-फू मास्टर’मध्ये सगळे एकाच सरळ रेषेवर. शत्रू डावीकडून येणार किंवा उजवीकडून. वळा आणि मारा, संपलं. १९८६ मध्ये ‘टेक्नोस’च्या योशिहिसा किशिमोतो यांनी ‘कुनिओ-कुन’मध्ये जमिनीला खोली दिली. माणसं पडद्यात वर-खालीही चालू लागली. खेळ एकदम खराखुरा वाटायला लागला, पण त्याच क्षणी एक नवी पंचाईत उभी राहिली: शत्रू आता वळसा घालून मागे जाऊ शकत होता.

अशा खेळात फटका बसला की आपला माणूस क्षणभर डगमगतो आणि तेवढ्या वेळात कुठलंही बटण चालत नाही. समोर एकच शत्रू असेल तर हरकत नाही. पण पुढे एक, मागे एक असले की पहिल्याच्या फटक्यातून सावरेपर्यंत दुसऱ्याचा बसतो. अशा वेळी हरणं हा आपल्या हाताचा दोष राहत नाही. आणि नाणं टाकून खेळणाऱ्याला आपल्या चुकीने मेलो असं वाटलं, तर तो दुसरं नाणं काढतो. मशीनने फसवलं असं वाटलं, तर तो घरी जातो.

किशिमोतोंना ही अडचण दिसली होती. म्हणून ‘कुनिओ-कुन’मध्ये मारायची बटणंच दोन होती, एक डावीकडे मारणारं आणि एक उजवीकडे. तोंड कुठेही असो, मागच्याला मागेच हाणता यायचं. १९८७ च्या ‘डबल ड्रॅगन’मध्ये त्यांनी ही रचना सोडून ठोसा आणि लाथ वेगळी केली आणि मागच्यासाठी कोपराचा तडाखा दिला. तो तडाखा इतका जबर निघाला की सराईत मंडळी बाकी सगळे डाव विसरली. पाठ करून उभं राहायचं, शत्रू जवळ आला की कोपर. बॉससुद्धा त्यात गार. सुटकेचा मार्ग फुकट दिला की खेळणारा त्याच मार्गावर मुक्काम ठोकतो, हा धडा तिथे मिळाला. पुढच्याच वर्षी ‘डबल ड्रॅगन २’मध्ये डावं-उजवं बटण परत आलं, ते उगाच नाही.

‘सेगा’ने दुसरी वाट धरली. १९८९ च्या ‘गोल्डन अ‍ॅक्स’मध्ये जादू केली की पडदाभर शत्रू भाजून निघतात, पण त्यासाठी जादूच्या कुप्या जमवाव्या लागतात. म्हणजे सुटका साठ्यातून. ही पद्धत स्वच्छ आहे, पण तिची खोड अशी की माणूस साठा राखून ठेवतो. ‘पुढे बॉस येईल’ म्हणून कुप्या जपायच्या आणि त्या तशाच खिशात ठेवून मरायचं, असे कंजूष आपण सगळ्यांनी पाहिलेत.

त्याच वर्षी आलेल्या ‘फायनल फाइट’ने साठाच ठेवला नाही. हॅगर, कोडी आणि गाय या त्यातल्या तिन्ही गड्यांना दोन बटणांची फिरकी कधीही उपलब्ध. दाम मात्र लाइफमधून. या सौद्यातलं एक कलम फार कमी लोकांच्या लक्षात येतं: फिरकी कुणाला लागली तरच लाइफ जाते. रिकामी गेली तर काही कापलं जात नाही. म्हणजे वसुली बटणांची नाही, सुटका झाल्याची आहे. शिवाय दाम तसा माफक. दोन्ही बाजूंनी मार खात राहिलो तर जेवढी लाइफ जाईल, त्याच्या मानाने किरकोळ. मरण्यापेक्षा स्वस्त आणि सवय लागू नये इतकं महाग, असा तो नेमका भाव आहे. आता घेरले गेलो तरी मशीनला शिव्या देता येत नाहीत, कारण सुटायची सोय हाताशी होती. वापरली नाही तर चूक आपली.

फुकट सोयही होती, पण ती कमवावी लागायची. शत्रूला भिडलं की आपोआप पकड बसते आणि त्याला उचलून बाकीच्यांवर फेकता येतं. एका फेकीत तीन-चार जण लोळतात. पण त्यासाठी आधी योग्य जागी उभं राहता आलं पाहिजे. ज्याला जागा कळली त्याला फिरकी लागत नाही. ज्याला कळली नाही तो लाइफ मोजतो. म्हणून मी म्हणतो, दोन बटणांचा हा दाम म्हणजे जागा चुकल्याचा दंड आहे.

याचा पुरावा हवा असेल तर ‘सुपर निन्टेन्डो’वरचा ‘फायनल फाइट’ बघा. घरच्या त्या यंत्राला गर्दी झेपेना, म्हणून पडद्यावर एका वेळी तीनच शत्रू ठेवले. (गाय आणि दोघांनी मिळून खेळायची सोय यांनाही कात्री लागली.) फिरकी आहे, दामही आहे, पण तिघांना एका बाजूला हाकणं सोपं पडतं. घेरले जाण्याची भीती गेली आणि तिच्याबरोबर त्या दोन बटणांची गरजही बरीचशी गेली.

आता मुस्तफाकडे येऊ. त्याच्या गेममधल्या चौघांत जॅक सगळ्या बाबतींत समतोल, हॅना हत्यारं हाताळण्यात तरबेज, मेस ताकदीचा आणि मुस्तफा वेगाचा. तरी आपल्याकडे गेमला त्याचंच नाव पडलं आणि तो मिळावा म्हणून भांडणं व्हायची. दिसण्याचा भाग सोडा. मुस्तफा धावत येऊन लाथ घालतो आणि घेर पुरा व्हायच्या आत पलीकडे निघून जातो. शिवाय जॉयस्टिक खाली, लगेच वर आणि मारायचं बटण, हा डाव आहेच आणि त्याला लाइफ मोजावी लागत नाही. थोडक्यात, दंड भरायची वेळ ज्याच्यावर सगळ्यात कमी येते तो गडी पोरांनी अचूक हेरला होता. हिशेब कुणी मांडला नव्हता, पण रुपया आपला असला की हात हिशेब शिकतात.

आणि या मशीनवर तिघं एकदम खेळू शकत. कोपऱ्यात तिघंही अडकले तर एकाच्या फिरकीने सगळे सुटतात, पण लाइफ जाते ती फिरणाऱ्याची. मग ‘तू मार’, ‘नाही, तू मार’ सुरू. कोण किती दिलदार आहे ते तिथे कळायचं.

पुढच्या काळात या सौद्यात एकच सुधारणा मला खरोखर आवडली, ती २०२० च्या ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’ची. तिथे खास डाव टाकला की तेवढी लाइफ हिरवी होते. मार न खाता शत्रूंना मारत राहिलात तर ती परत मिळते, मध्येच फटका बसला तर सगळी हिरवी लाइफ गेली. रोखीचा व्यवहार उधारीचा झाला आणि गंमत म्हणजे त्यामुळे खेळणारा घाबरट न होता जास्त आक्रमक झाला. तीस वर्षांनी आलेल्या या गेमलाही हा डाव सरसकट फुकट करावासा वाटला नाही, यातच पत्रलेखकाला उत्तर मिळावं.

बुचर पुढच्या आठवड्यात. तोवर एक करून बघा: दुसरी स्टेज दोन्ही बटणं एकदाही एकत्र न दाबता खेळा. जिथे जिथे अडकाल तिथे शत्रू कुठून कुठून आले ते टिपून ठेवा. बुचरच्या वेळी तीच यादी आपल्याला लागणार आहे.