पाठीवरची हवा आणि दोन नळ्या

पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून विहिरीत बुडी मारायचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केला असेल. डोके पाण्याखाली, देठाचे टोक वर, आणि काठावरची पोरे आकडे मोजताहेत! वीतभर पाण्याखाली हे जमते. मग एखादा हुशार गडी म्हणतो, "लांब रबरी नळी आणू अन् थेट तळाशी जाऊन बसू." इथेच गणित चुकते. माणूस मीटरभर खाली गेला, की छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा 100 ग्रॅम जादा भार पडतो. सबंध छातीचा हिशेब केला, तर उरावर ज्वारीचे पोते ठेवल्यासारखेच झाले. नळीतून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची. ती ओढायला छाती फुगणार कशी?

तेव्हा खाली श्वास घ्यायचा, तर हवाही भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने मिळाली पाहिजे. कमी नको, जास्तीही नको. 1860 च्या सुमारास रुकेरोल नावाच्या फ्रेंच खाण-इंजिनियराने अशी एक झडप तयार केली. ती मुळात दूषित हवेच्या खाणीत उतरणाऱ्यांसाठी होती. पाण्यात ती पुढे गेली. पण खरी सुटसुटीत युक्ती साधली ती दुसऱ्या महायुद्धात. पेट्रोलची टंचाई होती, मोटारी गॅसवर चालत. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप एमिल गान्यां या इंजिनियराने केली होती. नौदलातला अधिकारी झाक कूस्तो त्याला भेटला, आणि मोटारीची झडप माणसाच्या पाठीवर आली!

1943 च्या जानेवारीत पॅरिसजवळच्या मार्न नदीत कूस्तोने ती वापरून पाहिली. आडवा पोहताना सगळे ठीक. उभा राहिला, की हवा भसाभसा वाया जाई. डोके खाली केले, की श्वास ओढता ओढवेना. कारण काय, तर उभे राहिल्यावर उच्छ्वास सोडण्याची झडप हवा देणाऱ्या झडपेपेक्षा वीतभर वर राहत होती. वर दाब कमी, म्हणून हवा तिकडे धावे. एवढ्याशा वीतभर पाण्याचा हा प्रताप! दोन्ही झडपा एकाच पातळीवर आणल्या, आणि काम फत्ते झाले.

आता त्या जुन्या सरंजामात दोन नळ्या का, हे ध्यानात येईल. मानेमागे पत्र्याच्या गोल डब्यासारखी पेटी, तिच्यात रबराचा पडदा. पडद्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा. श्वास घेतला की पडदा आत दबतो, तरफ हलते, टाकीतली हवा एका नळीने तोंडाशी येते. सोडलेला श्वास दुसऱ्या नळीने पुन्हा त्याच पेटीशी जातो आणि बदकाच्या चोचीसारख्या रबरी झडपेतून बाहेर पडतो. बुडबुडे मानेमागून निघतात, डोळ्यांपुढे येत नाहीत.

ही जुनी यंत्रे दुरुस्त करून वापरून पाहणारे हौशी लोक आजही आहेत. पालथे पोहताना पेटी छातीच्या वर असते, म्हणून श्वास जरा ओढून घ्यावा लागतो. उताणे झाले की हवा आपणहून तोंडात घुसते. नळीत पाणी शिरले, तर सोडण्याची नळी खाली येईल अशा कुशीवर वळून जोराने फुंकायचे. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने 1952 साली श्वास सोडण्याची झडप तोंडापाशीच आणली, तेव्हा दुसऱ्या नळीची गरज संपली. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटक वापरतात ते यंत्र एका नळीचे.

नळी एक असो वा दोन, एक धोका सारखाच. पाण्याखाली यंत्रातून श्वास घेतला आणि तो कोंडून वर आले, तर वर येताना ती हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. पुरुषभर पाण्यातूनही हे घडते. आपण विहिरीत नेहमी श्वास कोंडूनच बुडी मारतो, मग असे का होत नाही? कारण ती हवा आपण वरून नेलेली असते. खाली दबते, वर आल्यावर मूळच्याइतकीच होते. म्हणून मोटारीच्या ट्यूबमध्ये हवा भरून तळाशी नेण्याचा खटाटोप पोरांना मुळीच करू देऊ नये.

शिक्षकांनी मात्र एक प्रयोग काठावरून जरूर करावा. सरळ बाजूचा काचेचा पेला आतून कुंकू फासून दगडासह उपडा बांधावा आणि दोराने सरळ पाण्यात सोडावा. तो पाण्याच्या पृष्ठभागापासून 5 मीटर खाली गेला, की आतली हवा दबून सुमारे दोन तृतीयांश उरते आणि तोंडाकडचे एक तृतीयांश कुंकू भिजते. सिद्धेश्वरच्या जलाशयात 10 मीटरवर सोडला, तर निम्मे भिजेल. मुलांना आधी अंदाज विचारावा, मग दोर ओढावा.