अंगणाचा उतार: खर्च ब्रासात मोजा

मे २०२५ च्या अखेरच्या पावसात बारामती-इंदापुरात घरांत पाणी शिरले. इथली काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. पायाशी साचलेले पाणी म्हणूनच जास्त घातक. जोत्यापासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा.

तीस फूट लांबीच्या एका बाजूला सरासरी तीन इंच भर म्हणजे ७५ घनफूट, पाऊण ब्रास. धुमसून मुरूम दबतो, तेव्हा एक ब्रास धरा. त्यावर जेसीबीचे तास आणि खेपेचे भाडे. मुरमाच्या वाहतुकीचा परवाना मागाच. भर जोत्याच्या माथ्याखाली किमान अर्धा फूट थांबवा. आधी नळीने लेव्हल घ्या, नाहीतर पाणी शेजाऱ्याच्या दारात जाईल.