राजापूर लोकसभा-मतदारसंघ : नांव, सीमा व निकाल

राजापूर हें नांव आमच्या वाचकांस इंग्रजांच्या वखारीमुळें परिचित आहे. शिवाजी महाराजांनीं इ. स. १६६१ मध्यें हें बंदर घेऊन तेथील वखारवाल्यांस कैद केलें, त्या प्रकरणाचीं साधनें अभ्यासकांनीं पुष्कळ वेळां चाळलीं आहेत. परंतु याच नांवाचा एक लोकसभा-मतदारसंघ अर्धशतक अस्तित्वांत होता व आतां तो नाहीं, ही गोष्ट पुढील पिढीच्या संशोधकास घोटाळ्यांत टाकणारी ठरेल असें आम्हांस वाटतें. त्याविषयींचीं टिपणें आजच जुळवून ठेवणें बरें.

प्रथम एक प्रचलित चूक दूर करूं. १९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत राजापूर नांवाचा मतदारसंघ नव्हता. त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन विभाग होते. उत्तरेंतून आझाद हिंद सेनेंतील सेनानी जगन्नाथराव भोसले व दक्षिणेंतून मोरेश्वर दिनकर जोशी, असे दोघेही काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. राजापूर हें नांव १९५७ पासूनचें. तेंही भ्रामक आहे. कारण हा मतदारसंघ म्हणजे राजापूर तालुका नव्हे. मालवण, वेंगुर्लें आणि पूर्वींचें सावंतवाडी संस्थान हा सर्व मुलूख त्यांत मोडत असे. १९८१ मध्यें सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर तर नांव एका जिल्ह्यांतील गांवाचें व बहुतेक प्रदेश दुसऱ्या जिल्ह्यांतला, अशी स्थिति झाली. केवळ नांवावरून सीमा ठरविणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

या मतदारसंघांत १९५७ ते २००४ या काळांत तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. पैकी पहिल्या आठांत दोनच पुरुष निवडून आले : १९५७, १९६२ व १९६७ मध्यें बॅरिस्टर नाथ पै, आणि १९७१, १९७७, १९८०, १९८४ व १९८९ मध्यें प्राध्यापक मधु दंडवते. या बत्तीस वर्षांत काँग्रेसचा उमेदवार येथें एकदांही निवडून आला नाहीं. ही गोष्ट किती विलक्षण आहे हें शेजारच्या निकालांशीं ताडून पाहिल्याविना कळणार नाहीं. १९५७ चा निकाल समजण्याजोगा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा जोर त्या वर्षीं एवढा होता कीं, लगतच्या रत्नागिरींतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. पण १९६२ मध्यें महाराष्ट्रांतील ४४ पैकीं ४१ जागा काँग्रेसकडे गेल्या, तरी राजापूर गेलें नाहीं. १९७१ मध्यें ४५ पैकीं ४२ गेल्या, तेव्हांही नाहीं. १९८४ मध्यें इंदिरा गांधींच्या हत्येनंतर ४८ पैकीं ४३ गेल्या, त्या लाटेंतही नाहीं.

याचें कारण केवळ व्यक्तिमाहात्म्य, असें कित्येक म्हणतात. नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांचें वक्तृत्व असामान्य होतें, आणि गोलकनाथ निवाड्यानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारें जें विधेयक त्यांनीं मांडलें, त्याचा हेतु त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीनें सिद्धीस गेला. तथापि दंडवते अहमदनगरचे, मुंबईंत पदार्थविज्ञान शिकविणारे. त्यांस लोकांनीं पांच वेळां निवडलें, हें व्यक्तिमाहात्म्यानें उलगडत नाहीं. आमच्या मतें खरें कारण घरोघरच्या मनिऑर्डरींत शोधावें. कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत, बायका व वृद्ध गांवांत; सबब मुंबईंतील कामगारांचें राजकारण दर शिमग्याला व गणपतीला गांवीं येई. शिवाय खोतीचा वाद १९४९ च्या कायद्यानें संपला तरी कुळांच्या मनांतून तो लगेच गेला नसावा. हा आमचा तर्क आहे. सबळ पुराव्यापुढें आम्ही तो आनंदानें मागें घेऊं.

पुढचा भाग थोडक्यांत. १९९१ मध्यें दंडवते पराभूत होऊन काँग्रेसचे सुधीर सावंत आले. ज्या कोंकण रेल्वेसाठीं दंडवते झटले, तिच्या महामंडळाची स्थापना १९९० ची. म्हणजे काम सुरू होतांच मतदारांनीं त्यांस निरोप दिला! १९९६, १९९८, १९९९ व २००४ असे चार वेळां शिवसेनेचे सुरेश प्रभु निवडून आले. २००८ च्या पुनर्रचनेंत हा मतदारसंघ रद्द होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग निर्माण झाला. त्यांत २००९ मध्यें काँग्रेसचे निलेश राणे यांनीं प्रभूंचा पराभव केला. २०१४ व २०१९ मध्यें शिवसेनेचे विनायक राऊत, व २०२४ मध्यें भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे निवडून आले. राजापूर हें नांव आतां विधानसभेपुरतें उरलें आहे.

संग्राहकांस एक इशारा. १९५२ व १९५७ च्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असून तिजवर त्याचें चिन्ह लावलेलें असे. मतदार कोरी पत्रिका हव्या त्या पेटींत टाकी. पत्रिकेवर उमेदवाराचें नांव वा चिन्ह छापलेलेंच नसे. लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकींत शिक्का मारण्याची पद्धति १९६२ पासूनची. यास्तव 'नाथ पै, १९५७' असें नांव छापलेली मतपत्रिका कोणी विकावयास आणील, तर ती निःसंशय बनावट समजावी. खऱ्या पत्रिकेवरून मत कोणास पडलें हें कळणें शक्यच नाहीं.

याउलट त्या काळचीं हस्तपत्रकें, सभांचीं निमंत्रणें व गांववार मतदारयाद्या यांचें मोल मोठें आहे. यादींत घराचा क्रम, बापाचें वा नवऱ्याचें नांव व वय मिळतें. कोणत्या वाडींत किती पुरुष नांवापुरते राहिले होते, तें ताडण्यास दुसरें इतकें सोयीचें साधन आम्हांस दिसत नाहीं. १९५७ व १९६२ च्या अशा याद्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं गांव, तालुका व छापखान्याचें नांव यांसह नक्कल मंडळाकडे पाठवावी. फाटकीं पानेंही चालतील.