चेहरा ओळखणारं एआय आणि एक कविता

एआयसुद्धा वर्णभेद करतं का? करू शकतं. एमआयटीमधल्या कृष्णवर्णीय संशोधक जॉय बुओलाम्विनी यांनी सहकारी टिमनिट गेब्रू यांच्यासोबत २०१८ मध्ये फोटोवरून स्त्री-पुरुष ओळखणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के; काळ्या-सावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! एआय फोटोंवरून शिकतं, आणि प्रचलित फोटोसंचांत गोरे चेहरेच जास्त होते.

पण रिसर्च पेपर वाचतंय कोण? म्हणून जॉय यांनी कविता करून तिचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. त्यात एआय चक्क सेरेना विल्यम्स, मिशेल ओबामा यांना पुरुष ठरवतं. मी रोज कोड लिहितो, तरी आकड्यांपेक्षा तो व्हिडिओच जास्त टोचला.

तुमच्या ब्युटी फिल्टरने रंग आपोआप उजळला, तर स्क्रीनशॉट काढा, ग्रुपवर टाका आणि विचारा: हे ठरवलं कोणी?