डॅफोडिल : फुलं सरल्यावरचं काम

एप्रिल सरत आला की ब्रिटनमधल्या घरोघरच्या बागांत टापटिपीची लाट येते. डॅफोडिलची फुलं सुकलेली, पानं लोळायला लागलेली. मालक ती कापून टाकतो, नाहीतर जुडी करून रबरबँड लावतो. पुढच्या मार्चमध्ये तिथे नुसती पानं उगवतात, फुलाचा पत्ता नाही. मग बोल लागतो कंद विकणाऱ्याला.

पण पुढच्या वर्षीचं फूल कंदात याच वर्षी धरतं. बहर ओसरला की पानं उन्हात अन्न तयार करून कंदात भरतात, आणि त्या शिदोरीवर उन्हाळ्यात मातीखाली नवी कळी घडते. म्हणून बहरानंतर निदान सहा आठवडे पानांना हात लावू नये. सुकलेलं फूल मात्र खुडावं, नाहीतर ताकद बी धरण्यात जाते. हिरवळीत कंद लावले असतील, तर तेवढ्या भागावर यंत्र फिरवायचं नाही. शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

लागवड सप्टेंबरमध्ये, शेंडा वर ठेवून, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल. वरवर लावले तरीही फुलं रुसतात. पाणी साचणाऱ्या जमिनीत कंद कुजतात. वर्षानुवर्षं एकाच जागी दाटी झाली, तर पानं वाळल्यावर उकरून वेगळे करावेत.

कंद दाबून पाहण्याची सवय मात्र हवी. मऊ लागला तर घेऊ नये. आत कूज किंवा कंदमाशीची अळी असू शकते. सूत्रकृमीने तर शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधली डॅफोडिलची शेती धोक्यात आणली होती. जेम्स रॅम्सबॉटम या तरुण संशोधकाने विस्लीच्या बागेत प्रयोग करून उपाय काढला, तो साध्या गरम पाण्याचा: सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात कंद तीन तास बुडवून ठेवायचे. कृमी मरतो, कंद तगतो. व्यापारी शेतीत आजही याच तत्त्वावर काम चालतं. घरच्या बादलीत तापमान इतकं नेमकं टिकत नाही. तिथे रोगट कंद सरळ फेकावा.

खारी ट्यूलिपचे कंद फस्त करतात, डॅफोडिलच्या वाटेला सहसा जात नाहीत. कंदात लायकोरिन नावाचं विष असतं. दिसायला तो कांद्यासारखा, तेव्हा स्वयंपाकघरात ठेवू नये.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांकडून कंद मागवून पुण्यात लावायचा मोह अनेकांना होतो. पण जमिनीतून नीट वर यायला डॅफोडिलला तीनेक महिने सलग थंडी लागते. ती फ्रिजमध्ये देता येते. सफरचंद, केळी जवळ नकोत, कारण पिकत्या फळांच्या इथिलीन वायूने आतली कळी जळते. एवढं करून एक बहर मिळेल. दुसऱ्या वर्षीची आशा मी तरी धरणार नाही. आपल्या हवेत कंदच लावायचा तर निशिगंध लावावा. उन्हाळ्यात मातीत घातला की त्याला फ्रिजचे लाड लागत नाहीत.